जिन्यातलं नेट

रात्रीचे साडेअकरा. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा जिना. तिसऱ्या पायरीवर उशी, उशीवर बीडहून आलेला एक मुलगा, मांडीवर लॅपटॉप. एमपीएससीचा फॉर्म भरायची आजची शेवटची रात्र. मोबाइलचा दीड जीबी दुपारीच लेक्चरमध्ये संपला. नवा डेटा बाराला येणार आणि फॉर्म 11:59ला बंद होणार! वर खोलीत कॉट आहे, टेबल आहे, पण वायफायची रेंज इथेच येते.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. कॉट बेसिसच्या प्रत्येक पाटीवर ‘वायफाय फ्री’ असतंच. राउटर मात्र खाली मालकांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे.

“काका, नेट गेलंय.”

“हिरवे लाइट लागलेत ना? मग चालू आहे.”

काका खोटं बोलत नाहीत. बरेचदा तारेतून नेट घरापर्यंत नीट आलेलं असतं, घोळ पुढच्या तीस फुटांत होतो. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच धरायचे: 1, 6 आणि 11. अख्ख्या गल्लीचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस, पण जाड भिंत आली की तो दम सोडतो, आणि पेठेत जाड भिंतींना काय तोटा? म्हणून रेंज फुल्ल दिसते आणि स्क्रीनवरचं गोल फिरतच राहतं.

11:52. फी भरल्याची पावती आली.

दुसऱ्या दिवशी खोलीतल्या चौघांनी वर्गणी काढली. इथरनेटची तार 100 मीटरपर्यंत चालते, इथे जेमतेम वीस लागली. मालकांना पटवायला मात्र आठवडा गेला. अट एकच, भिंतीला भोक पाडायचं नाही. मग खिडकीच्या गजातून तार वर ओढली, कुणाचा तरी जुना राउटर कॉटखाली ठेवला आणि चॅनेल हाताने 11वर लावला. त्या रात्री चौघांची लेक्चरं एकदम चालली. कुणीतरी चहा पाजला.

एक गोष्ट राहिली. वीज गेली की मालकांचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, कॉटखालचा बंद पडतो.

म्हणून तिसऱ्या पायरीवरची उशी अजून कुणी उचललेली नाही.