आज गेला, आज गेला

(लावणीवरच्या माहितीपटाचं निवेदन. परळ, दुपार. लाकडी जिना, दाराबाहेर चपला, आतून पेटीचा सूर.)

बाहेर रस्ता खणून ठेवलाय, बसचे हॉर्न चालू आहेत, आणि वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या लावणीवाल्या ताई भिंतीला पाठ टेकून चाळ बांधतायत. चाळ म्हणजे घुंगरांची, राहायची नव्हे, परळमध्ये हे सांगावं लागतं. बैठकीच्या लावणीत पायांना तसं काम कमीच, पण चाळ बांधल्याशिवाय अंगात लावणी येत नाही असं त्यांचं म्हणणं.

लावणी म्हटलं की आपल्याला शिट्ट्या आठवतात आणि रीलवरची अर्ध्या मिनिटाची धावपळ. ही बैठकीची, बसून करायची. आता फक्त हात बघा.

ओळ एवढीशीच, "आज गेला". आम्हीच हट्टाने दिली त्यांना, गाथासप्तशतीतली कल्पना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा ७०० गाथांचा संग्रह, महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेतला म्हणा. त्यात एक बाई आहे, नवरा परगावी गेलाय, ती दिवस मोजायला भिंतीवर रेघ मारते, आज गेला म्हणून एक, आज गेला म्हणून आणखी एक, आणि पहिला अर्धा दिवस सरतोय तोवरच सगळी भिंत रेघांनी भरलेली.

पहिली रेघ बोटाने, सरळ. दुसरी नखाने, जरा रागातच. तिसऱ्यांदा हात उठतच नाही, नुसते डोळे भिंतीवरून खालून वर जातात.

(इथे निवेदन नको. पेटी आणि डोळे.)

शब्द तेच, सूर तोच, भाव मात्र दर वेळी वेगळा. भरतनाट्यमवाले याला संचारी म्हणतात, कथकवाले भाव बताना म्हणतात, लावणीवाल्या नुसतं अदा म्हणतात, आणि बहुतेक म्हणूनच त्यांना कोणी शास्त्रीय म्हणत नाही. असो.

नाट्यशास्त्रात नायिका आठ, त्यातली नवरा लांब गेलेली ती प्रोषितभर्तृका. नाव उच्चारताना जीभ अडखळते पण बाई ओळखीची आहे. पेशवाईच्या काळात रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ या शाहिरांच्या हाताला हीच लागली, दसऱ्याला सीमोल्लंघन करून घरधनी मोहिमेवर गेला की मागे उरायची ती. तिथून ती तमाशाच्या फडावर आली, माडीवर आली, यमुनाबाई वाईकरांसारख्या लावणीवाल्यांच्या भुवईत येऊन बसली. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ ला, तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या, म्हणजे आपण किती सावकाश बघतो बघा.

(खिडकीतून गिरणीची चिमणी.)

ही चिमणी फ्रेममध्ये आपोआप आली, पण बरं झालं. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार इथे एका खोलीत दहा-बाराजणांत झोपायचा, पाळीपाळीने, जेवायला खानावळ, बायको गावाला. सुट्टीच्या दिवशी तो लालबागला हनुमान थिएटरात जाऊन बसायचा आणि समोर स्टेजवर एक बाई नवऱ्याची वाट बघायची. म्हणजे जो गेलाय तोच तिकीट काढून समोर बसलाय. कुठल्या ग्रंथातल्या नायिकेला असा प्रेक्षक मिळाला असेल असं मला वाटत नाही.

१९८२ चा संप, मग गिरण्या बंद, थिएटरही बंद, लावणीवाल्या जास्त करून मोडनिंब, चौफुला, जामखेडच्या कलाकेंद्रांवर, म्हणजे जिथे लावणीच्या बैठका होतात तिथे.

(पुन्हा हॉल. चाळ सुटतेय, घोट्यावर वळ.)

आम्हाला आणखी एक टेक हवा होता, कॅमेरा जरा हलला होता. ताईंना म्हटलं, चौथ्यांदा करून दाखवाल का.

चाळ गुंडाळत म्हणाल्या, "अहो, भिंत भरली की."