पिवळा रंग नेमका कुणाचा?

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. या प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये मात्र बरोब्बर ३७ अंश, माणसाच्या अंगाएवढे. आत चपट्या बाटलीच्या तळाशी हिरडीच्या पेशी वाढताहेत.

अक्कलदाढ काढताना तिच्याभोवतीची हिरडीची किनार निघते. एरवी ती कचऱ्यात जाते. इथे पेशंटची लेखी संमती घेऊन तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जपून आणलाय. बाटलीत चिकटवल्यावर बरेच दिवस काहीच दिसत नाही. मग एके सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली, तुकड्याच्या कडेनं, लांबट पेशी सरकत बाहेर आलेल्या दिसतात. दोन्ही टोकांना निमुळत्या, थेट मागावरच्या धोट्यासारख्या. आणि विणतातही त्या: हिरडीला बळकटी देणारं कोलॅजन. या फायब्रोब्लास्ट.

मोजायचंय त्यांच्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटचं द्रावण रंगहीन असतं. एन्झाइम त्यातला फॉस्फेट तोडतं आणि द्रावण पिवळं होतं. ठरल्या मिनिटाला सोडियम हायड्रॉक्साइड घालून क्रिया थांबवायची, ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात पिवळेपणा वाचायचा. एवढंच.

कसोटी लागते ती त्याआधी, पेशी धुण्यात. हिरडीच्या पेशींत हे एन्झाइम मुळात थोडं. आणि त्यांना पोसायला जे वासराचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, घालतात, त्यातही हेच एन्झाइम असतं. धुण्यात हयगय झाली तरी यंत्र आकडा देतंच, पण त्यात वासराचाही वाटा असतो. शिवाय धुवायच्या नेहमीच्या द्रावणातला फॉस्फेट मागे राहिला, तर तो एन्झाइमलाच अडवतो. म्हणून शेवटचा हात साध्या सलाइनचा.

इतकी काळजी कशासाठी? या शहरात विड्या वळण्यात कितीतरी बायकांची उमर गेली. सकाळी उठून मिश्री, म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू, हिरड्यांवर घासणाऱ्याही आपल्याकडे कमी नाहीत. आज बाटलीतल्या पेशी छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये वाटल्यात; तिच्या एका रांगेत मिश्रीचा अर्क घातलेल्या पेशी आहेत, शेजारच्या रांगेत नुसत्या पोषणद्रवातल्या.

समजा, अर्काच्या रांगेत पिवळा फिका आला. पेशी दुबळ्या झाल्या, की पेशीच मेल्या आणि कमी उरल्या? नुसता रंग हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक खळग्यातल्या पेशी फोडून त्यांचा थोडा रस प्रथिनं मोजायला आधीच बाजूला काढलाय. पिवळेपणाला त्या प्रथिनानं भागायचं.

ते मोजमाप व्हायचंय. तोवर वहीतले आकडे पेन्सिलीनं लिहिलेले आहेत.