ब्लूजमधली मोकळी जागा

थोड्या वेळानं या मंचावर पियानो, बेस आणि ड्रम्सच्या साथीनं कविता वाचल्या जाणार आहेत. त्याआधी मी एकाच कवीबद्दल बोलणार आहे. विसाव्या शतकातला कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज.

कवितेमागे संगीत लावायची आपल्याकडची पद्धत तुम्ही पाहिली असेल. कवी वाचतो, मागे बासरी वाजत राहते, आणि दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत. मला ते सहन होत नाही. ह्यूजला हवं होतं ते फार वेगळं होतं, आणि ते कळायला ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यांची, बांधणी आधी पाहावी लागते.

ब्लूजचं कडवं तीन ओळींचं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीनं तिला जोड द्यायची. ताल बारा बारचा. बार म्हणजे तालाचा एक तुकडा, त्यात चार ठोके. म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. पण गाणारा साधारण अडीच बारमध्येच ओळ संपवतो. उरलेल्या दीड बारात गिटार बोलते, नाहीतर तोच माणूस पियानोवर स्वतःला उत्तर देतो. पोवाड्यात शाहिराची ओळ पडली की झीलकरी ती उचलून धरतात, तसंच काहीसं. फक्त इथला झीलकरी दर वेळी नवं काही म्हणतो. पहिली ओळ दोनदा का? पुढची सुचायला वेळ मिळावा म्हणून, असं सांगतात. मला वाटतं, दुसऱ्यांदा ती येते तेव्हा मध्ये गिटार बोलून गेलेली असते. शब्द तेच असतात, पण जड झालेले असतात.

ह्यूज लहानपणी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात आजीजवळ वाढला. तिथं कानावर पडलेलं ब्लूजचं पहिलं कडवं त्यानं पुढे 'द वेअरी ब्लूज' या कवितेत घातलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यू, गॅसबत्तीचा मंद उजेड, डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसलेला एक कृष्णवर्णीय पियानोवादक, आणि त्याच्या पायाचा जमिनीवर पडणारा ठेका. कविता त्याच्या गाण्याला मध्येच वाट करून देते. पहाटे तो घरी जाऊन मेल्यासारखा झोपतो. हा शेवट ह्यूजला बराच काळ सापडत नव्हता. या कवितेला १९२५ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि पुढच्या वर्षी त्याच नावाचा त्याचा पहिला संग्रह आला. दुसरा संग्रह १९२७ चा. त्यात ब्लूजच्या बांधणीच्या कविता आणखी होत्या. त्याच्याच समाजातल्या वृत्तपत्रांनी त्याला झोडपलं. एकानं तर गटारात राहणारा म्हटलं. आपली दारू, भांडणं, रिकामे खिसे गोऱ्यांना का दाखवायचे, हा राग होता. ह्यूज हटला नाही. गाणी ज्यांची होती त्यांच्याच भाषेत तो लिहीत राहिला.

पुढे १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द सेलर' क्लबमध्ये रेक्सरॉथ आणि फर्लिंगेटी हे कवी जॅझबरोबर कविता वाचू लागले, न्यूयॉर्कमध्ये लेखक केरुअ‍ॅक वाचू लागला, आणि कविता-जॅझची एकदम फॅशन झाली. ह्यूजचं काम तोवर तीस वर्षांचं झालं होतं. मार्च १९५८ मध्ये त्यानं स्वतः आपल्या कवितांची जॅझसह रेकॉर्ड केली. एका बाजूला रेड अ‍ॅलनच्या ट्रंपेटसह जुन्या वळणाचं जॅझ, दुसऱ्या बाजूला बेसवादक चार्ल्स मिंगसचा ताफा. ह्यूजचा आवाज साधा आहे, ओट्यावर बसून बोलावं तसा. अभिनय अजिबात नाही. मला मिंगसची बाजू अधिक आवडते. तिथे वाद्यं कवितेची वाट अडवत नाहीत, आणि तिच्या मागेमागेही येत नाहीत.

'आस्क युअर ममा' या १९६१ च्या दीर्घकवितेत तर त्यानं संगीताच्या सूचना ओळींच्या शेजारीच छापल्या. कुठे ढोल वाजेल, कुठे बासरी, आणि कुठे वाद्यं गप्प राहतील. गप्प कुठे राहायचं हे कवीनं लिहून द्यावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

ही कविता सुरू झाली ती जुलै १९६० मध्ये, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावच्या जॅझ महोत्सवाच्या वेळी. शनिवारी आत शिरू न शकलेल्या तरुणांची पोलिसांशी चकमक झाली, अश्रुधूर सोडला गेला, आणि नगरपरिषदेनं उरलेला महोत्सव रद्द केला. रविवारी दुपारी ब्लूजचा कार्यक्रम तेवढा झाला. हा महोत्सव आता संपलाच, असं सगळ्यांना वाटत होतं. ह्यूज तिथेच होता. त्यानं तारेच्या कागदावर न्यूपोर्टचा निरोप घेणारा ब्लूज लिहिला आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या बँडकडे दिला. पियानोवादक ओटिस स्पॅननं तो लगेच गायला. शाई वाळायच्या आत कवितेला तिचं उत्तर मिळालं. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं, जरूर ऐका.

ह्यूज मे १९६७ मध्ये गेला. हार्लेममधल्या अंत्यविधीत जॅझ पियानोवादक रँडी वेस्टननं आपल्या त्रिकुटासह ब्लूज वाजवले. त्यात जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनची एक धून होती. तिच्या नावाचा अर्थ असा: माझ्याकडून काही कळेपर्यंत काही करू नका.