अंपायरला हात करा

नमस्कार श्रोतेहो.

आत्ता सकाळचे पावणेआठ वाजलेत. मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे आझाद मैदान. तिथे आत्ता माळी खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारत असेल आणि कडेला झाडाखाली आईबाप किट बॅगा उतरवून उभे असतील. गेली सहा वर्षं मीही त्यांच्यातलाच एक. मुलगा आधी उन्हाळी शिबिरात गेला, मग चौदा वर्षांखालच्या शाळेच्या संघात आला, आता सोळा वर्षांखाली खेळतो. डोंबिवलीहून पहाटे पाच-दहाची लोकल धरायची. किट बॅग घेऊन साध्या डब्यात शिरता येत नाही, म्हणून मालडबा. भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या कपड्यातली तीन-चार पोरं. कोळणी मावश्या या पोरांना सरकून जागा देतात, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आज ज्यांची मुलं सीझन बॉलने, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूने खेळायला लागली आहेत, त्या पालकांना मला एकच गोष्ट सांगायची आहे. स्कोअर लिहायला शिका. वही आणि पेन्सिल घेऊन, चेंडूगणिक स्कोअर लिहायला शिका.

पहिली दोन वर्षं मी कुंपणाशी उभा राहायचो. "डोकं खाली ठेव", "पाय काढ" असं ओरडायचो. माझ्या मुलाच्या किती धावा झाल्या, किती चेंडू लागले, सगळं तोंडपाठ. पण दुसऱ्या टोकाला उभा असलेला मुलगा कोण, त्याने त्याच वेळात तीस केल्या, याचा मला पत्ता नसायचा. हातात वही आल्यावर बावीसच्या बावीस पोरं दिसायला लागली.

एकदा शाळांच्या सामन्यात आमच्या संघाचा स्कोअर लिहिणारा मुलगा तापाने घरी राहिला. सर म्हणाले, तुम्ही बसता का? तंबूत दुसऱ्या शाळेकडून एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, समोर टोक काढलेल्या चार पेन्सिली. त्यांनी मला वाइडची खूण शिकवली, नोबॉलचा गोल शिकवला. बाय असेल तर त्रिकोण, लेगबाय असेल तर उलटा त्रिकोण. लेगबाय म्हणजे चेंडू बॅटला न लागता अंगाला लागून गेला आणि धावा काढल्या; त्या संघाच्या खात्यात जातात, फलंदाजाच्या नाही. आणि म्हणाले, "अंपायरने खूण केली की हात वर करायचा. तुम्ही हात केल्याशिवाय तो पुढचा चेंडू टाकू देणार नाही."

माझा मुलगा पाचव्या नंबरला आला. मी त्याचं नाव लिहिलं, इतरांचं लिहिलं होतं तसंच, आणि खेळ चालू राहिला. तो चांगला खेळत होता. फिरकीला पुढे येऊन खेळत होता, जे त्याला वर्षभर जमत नव्हतं. वीस, पंचवीस, अडतीस. शाळेकडून त्याची एकही फिफ्टी नव्हती. अठ्ठेचाळीस झाल्या तेव्हा बाहेर बसलेली पोरं उभी राहिली. पोरांचा हिशेब पक्का असतो.

पुढचा चेंडू लेगला होता. त्याने बॅट फिरवली, चेंडू फाइन लेगकडे गेला आणि दोघं धावले. एक, दोन. पोरांनी टाळ्या सुरू केल्या. मुलाने बॅट अर्धी वर केली. आणि समोर अंपायरने एक पाय उचलला, गुडघ्यावर हात आपटला. लेगबाय.

श्रोतेहो, माझा हात वर जाईना. शेजारच्या आजोबांनी कधीच हात केला होता. अंपायर आमच्याकडे बघत होता, पुन्हा गुडघा थोपटत होता. बॉलर खुणेपाशी थांबलेला. टाळ्या विरल्या. मुलाने बॅट खाली घेतली आणि तंबूकडे बघितलं. माझ्याकडे. आजोबा हळूच म्हणाले, "साहेब, हात करा."

मी हात केला. वहीत उलटा त्रिकोण काढला, त्यात दोन लिहिले. त्याच्या नावापुढे टिंब टाकलं. अठ्ठेचाळीसचे अठ्ठेचाळीसच. पुढच्या ओव्हरमध्ये चेंडू खाली राहिला आणि त्याचा मधला स्टंप उडाला. ते मीच लिहिलं. बोल्ड, अठ्ठेचाळीस.

परतीच्या लोकलमध्ये कुर्ला येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "बाबा, तो चेंडू आधी ग्लोव्हला लागला होता."

बॅट धरलेल्या हाताच्या ग्लोव्हला चेंडू लागला तर धावा फलंदाजाच्याच असतात. मी म्हटलं, "मग अंपायरला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सर म्हणतात, अंपायरने दिलं ते दिलं. आणि तू हात केला होतास ना. मग झालं."

मुलुंड गेलं, ठाणं गेलं. मी डब्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवाचे दोन भाग केले, आम्ही दोघांनी खाल्ले. हो, सामन्याला जाताना शेंगदाण्याचे लाडू आणि केळी द्या. पाकिटातली पावडर पाण्यात घालून मुलं वाढत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. आणि तेरा वर्षांच्या मुलाला महागडी इंग्लिश विलो बॅट घेण्याआधी चांगलं हेल्मेट घ्या. सीझन बॉलचं वजन 156 ते 163 ग्रॅम असतं. बॅट साधी असली तरी चालते. थोडं जवसाचं तेल लावा, लाकडी हातोडीने ठोका. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आवाज फार होतो.

तर मुद्दा काय होता, स्कोअर लिहायला शिका. याच आझाद मैदानावर फेब्रुवारी 1988 मध्ये, शाळांच्या हॅरिस ढाल स्पर्धेच्या सामन्यात, शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने 664 धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. आपण ती दोन नावं घेतो. पण त्या दोघांच्या प्रत्येक चेंडूची कुणीतरी नोंद ठेवली, म्हणून तो आकडा आज आपल्याकडे आहे. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

निवड, वयाचा दाखला, सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडांच्या वयाची तपासणी, त्यासाठी मनगटाचा एक्स-रे, हे सगळं क्लबमधले सर सांगतील. त्यात मी वेळ घालवत नाही.

एक मात्र बोलतो. मैदानावर भावाच्या सामन्याला आलेल्या धाकट्या बहिणी असतात. पाण्याच्या बाटल्या धरून दिवसभर बसतात. त्यांच्याही हातात बॅट द्या. सांगलीची स्मृती मानधना भावाचा खेळ बघत बघत क्रिकेटकडे वळली. 2013 मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद 224 केल्या. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या संघात ती होती. त्या रात्री आमच्या चाळीत सगळ्या मुली गच्चीवर होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघी प्लास्टिकच्या बॅटी घेऊन खाली आल्या. त्यांना खेळायला जागा कुठे आहे, सांगा? प्रत्येक वॉर्डात एक तरी मोकळं मैदान हवं, मांडवांशिवायचं. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार.

आता तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर वहीचं पहिलं पान घरी टीव्हीवरच्या सामन्यावर भरा. पेन नको, पेन्सिल. खोडरबर हवाच. ओव्हर संपली की शेजारच्या स्कोअररशी बेरीज ताडून बघा, डावाच्या शेवटी नको, दर ओव्हरला. आणि अंपायरची खूण आली की हात करा. तुमचं मूल खेळत असलं तरी हात करा.

ती जुनी वही अजून आमच्याकडे आहे. परवा मुलगा कपाट आवरत होता, त्याला ती सापडली. त्याने ते पान काढलं, उलटा त्रिकोण शोधला, आणि मला विचारलं, "बाबा, त्या आजोबांचं नाव काय होतं रे?" मी विचारलंच नव्हतं. आजोबा, तुम्ही हे ऐकत असाल तर आमचा दोघांचा नमस्कार घ्या.

नमस्कार श्रोतेहो.