मेणवलीचा वाडा आणि घाटावरची घंटा

नमस्कार श्रोतेहो. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली आहे. १७६८ साली हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं आणि त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा उभारला, नदीवर घाट बांधला. इतिहासाचे अभ्यासक ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात, तो नानांच्या कागदपत्रांचा संग्रह याच वाड्यातला.

आपण सरसकट दगडी वाडा म्हणतो. पण पेशवाई वाड्याचं जोतं तेवढं काळ्या घडीव दगडाचं. त्यावर वीट आणि चुना, आणि माळ्यांचा भार सागवानी खांब-तुळयांवर. पुन्हा सांगते, खाली दगड, वर वीट, आत लाकूड. जमिनीची ओल दगडाच्या जोत्यापाशी अडते, म्हणून वरचं लाकूड टिकतं. भिंती इतक्या जाड की कोनाड्यात अख्खी समई मावते आणि भर मे महिन्यात माजघर गार राहतं.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. घरच्या जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. आमच्या गावच्या ओसरीला हौसेनं सिमेंट लावलं, दोन पावसाळ्यांत भिंत फुगली. चुना लावणारे गवंडी अजून आहेत, त्यांना शोधा.

आता घंटेकडे येते. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्याशा दगडी देवळीत एक मोठी घंटा टांगली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले. त्यातली एक भीमाशंकरला आहे, एक ही मेणवलीची. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मसुद्धा झाला नव्हता. घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आजीनं मला तिथे नेलं. आजीला अक्षरओळख नव्हती, मेरी तर ठाऊकच नव्हती. तिनं घंटेवरून हात फिरवला, त्या मूर्तीपाशी थांबली, बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "बघ गं, लेकुरवाळी आहे." कनवटीची कुंकवाची पुडी सोडून तिनं मूर्तीला बोट टेकवलं. मग नदीवर जाऊन ओंजळीत पाणी आणलं आणि खाली शिंपडलं. मी विचारलं, ही कुठली देवी? तर म्हणाली, "कडेवर मूल आहे ना, मग विचारायचं काय त्यात?"

मी टोल दिला. नाद कितीतरी वेळ देवळीच्या दगडात घुमत राहिला. आजीनं तो थांबेपर्यंत घंटेवरचा तळहात काढला नाही.

अजूनही मेणवलीला गेले की मी आधी घाटावर उतरते, वाडा मागाहून बघते.