फोर लो: उतार लागण्याआधी

[दृश्य: महूच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी सपाट मुरमाड जागा. जिप्सी सावकाश येते.]

इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. आपलं काम मात्र, म्हणजे जिप्सीसारख्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत फोर लो (चारही चाकं ओढणारी, कमी वेगाची पण जास्त जोराची रेंज) लावणं, पायी चालण्याच्या वेगात व्हायचं आहे. त्याला जाम गेटच्या अलीकडचा एखादा सपाट तुकडा पुरतो. उतार सुरू झाल्यावर रेंज बदलणाऱ्या लीव्हरला हात लावायचा नाही. हायमधून, म्हणजे नेहमीच्या रेंजमधून, लोमध्ये जाताना ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) न्यूट्रलमधून जाते आणि तेवढ्या वेळात इंजिनाचा चारही चाकांशी संबंध तुटतो. गिअरबॉक्स पहिल्यात असो की ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर असो, अशा वेळी गाडी थोपवतो तो फक्त ब्रेक.

[दृश्य: उघडलेली ट्रान्स्फर केस. सरकणारी स्लीव्ह, तिचे दाते जवळून.]

या स्लीव्हचे दाते लोच्या गिअरच्या दात्यांत शिरतात तेव्हा लो लागतो. बहुतेक गाड्यांत इथे वेग जुळवून देणारा सिंक्रोनायझर नसतो, म्हणून दोन्हींचा वेग जुळवणं चालवणाऱ्याकडे येतं. 1.3 लिटरच्या जिप्सीत ट्रान्स्फर केसचा हाय रेशो 1.409 आणि लो 2.268. चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला 100 फेरे घेत असेल, तर गिअरबॉक्सकडून आत येणारा शाफ्ट हायमध्ये 141 फेरे घेतो. लो लागायला तोच 227 वर जायला हवा. फरक 86 फेऱ्यांचा, तो दाते निभावून नेतात. गाडी दहापट वेगात असेल तर फरक 860 फेऱ्यांचा होतो. करकर ऐकू येते ती याचीच.

[दृश्य: ड्रायव्हरचे पाय आणि लीव्हर, एकाच चौकटीत.]

आधी फोर हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीची रेंज) लावा आणि स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर पुढे जा. मग वेग ताशी 2-3 किलोमीटरवर येऊ द्या. क्लच तळापर्यंत दाबा, गिअरबॉक्स न्यूट्रलला आणा आणि लीव्हर एका दमात, न अडखळता, फोर लोवर न्या. गिअरबॉक्स न्यूट्रलला आणण्याचा कंटाळा अनेकजण करतात. पण गिअर तसाच ठेवला, तर क्लच प्लेट आणि तिच्यामागचे सगळे गिअर यांचं वजन स्लीव्हला एका झटक्यात फिरवावं लागतं. न्यूट्रलमध्ये तिच्या वाट्याला हलका शाफ्ट तेवढा उरतो.

मारुतीच्या जिम्नीत मात्र गाडी पूर्ण थांबवायची आणि लीव्हर खाली दाबून मग सरकवायचा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून ‘एन’, आणि लीव्हर लगेच. तो मधल्या न्यूट्रलला रेंगाळला, तर चालू इंजिन आतला शाफ्ट फिरवू लागतं आणि उभ्या गाडीतही दाते घासतात.

उभ्या गाडीत कधी दातासमोर दात येतो आणि लीव्हर बोटभर अलीकडे अडतो. जोर लावू नका. ब्रेक दाबलेलाच ठेवून लीव्हर मधल्या न्यूट्रलला आणा, क्लच क्षणभर सोडून परत दाबा. शाफ्ट किंचित फिरतो, पुढच्या खेपेला लीव्हर आत जातो. एकच ‘ठक’ ऐकू आला तर ठीक. करकर झाली तर मागे घ्या, वेग आणखी कमी करा.

[दृश्य: दोन स्लीव्ह शेजारी-शेजारी. एकीच्या दात्यांच्या कडा गोल झालेल्या.]

दरवेळी करकरत लावलं की कडा अशा होतात. मग घाट उतरताना, इंजिन गाडीला मागे ओढत असतं नेमक्या त्या क्षणी, लो सुटतो आणि इंजिन ब्रेकिंग जातं. लो सुटतोय अशी तक्रार असेल तर स्लीव्हआधी ट्रान्स्फर केसचे रबर माउंट बघा. फाटलेल्या माउंटवर अख्खी केस हलते. दुरुस्ती स्वस्तातली आहे, आणि मेकॅनिकला ती सुचेलच असं नाही.

[दृश्य: पावसाळ्यातलं माळव्यातलं शेत, काळ्या मातीत रुतलेलं चाक.]

काळ्या मातीत लोचा पहिला गिअर चाक जागच्या जागी फिरवतो आणि खड्डा खोल करतो. दुसऱ्यात निघा.

तेलाचं थोडक्यात: काही केसमध्ये गिअर ऑइल लागतं, काहींत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. मॅन्युअल सांगेल तेच घाला. बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघा, मगच खालचा उघडा. वरचा जाम निघाला, तर गाडी बिनतेलाची तिथेच अडकून पडते.

[दृश्य: घाट संपतो, डांबरी रस्ता दिसतो.]

डांबर लागण्याआधी, सपाटीवर, तीच कृती उलटी करा. अनेक गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, डांबरावर टायर घसरत नाहीत, मग शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि लीव्हर निघत नाही. त्याला हिसके देऊ नका. स्टिअरिंग सरळ ठेवून रिव्हर्समध्ये काही मीटर मागे या. पीळ सुटला की लीव्हर दोन बोटांनी टू हायवर (दोनच चाकांना ताकद) येतो आणि डॅशबोर्डवरचा फोर-व्हील-ड्राइव्हचा दिवा विझतो.