सहा हजारांवर थांबलेली मोजणी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मुलाला घरीच शिकवणं पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. काय शिकवायचं, हे मात्र राज्यागणिक बदलतं. टेक्ससमध्ये वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढेच विषय सक्तीचे. विज्ञान त्या यादीत नाहीच. पेनसिल्व्हेनियात ते शिकवावं लागतं, वर्षअखेर मुलाचं काम तपासूनही घ्यावं लागतं.

बऱ्याच धार्मिक घरांत ख्रिस्ती प्रकाशनांची पुस्तकं असतात. ती सगळी टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. पानाच्या शिरा, बेडकाचं हृदय, ढगांचे प्रकार त्यांत मन लावून शिकवलेले असतात. घोडं अडतं ते वयाशी. अनेक पुस्तकांत बायबलचा शब्दशः अर्थ घेऊन पृथ्वीचं वय 6 ते 10 हजार वर्षं दिलेलं असतं. भूशास्त्र सांगतं सुमारे 454 कोटी.

आता ग्रीनलंडमधून खोदून काढलेला बर्फाचा एक दंडगोल डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यातल्या बर्फाचा पोत वेगळा, हिवाळ्यातल्याचा वेगळा. उजेडात धरला की पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. दहा वर्षांचं मूलही बोट ठेवून मोजू लागेल. खोलवर पट्टे पुसट होतात, तिथे संशोधक धूळ आणि क्षार तपासून पुढची वर्षं मोजतात. असं करत ते 60,000 वर्षांपर्यंत पोचले आहेत. ज्या मुलाला उत्तर आधीच पाठ करून दिलंय, त्याला हे मोजायचा आनंदच मिळत नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

पुढे त्याची झळही मुलांनाच लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा पुस्तकांवर आधारलेले जीवशास्त्राचे वर्ग प्रवेशासाठी ग्राह्य धरले नाहीत. ख्रिस्ती शाळांची संघटना 2005 साली न्यायालयात गेली. 2008 मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला, 2010 मध्ये अपिलातही तोच टिकला.

‘मग मुलांनी श्रद्धा सोडायची का?’ आईवडिलांच्या मनातली ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांना मी फ्रान्सिस कॉलिन्स यांचं नाव सांगेन. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प 2003 साली पुरा झाला, तेव्हा अमेरिकेत त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. ते श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि उत्क्रांती मानतात. लहानपणी सहावीपर्यंत ते शाळेत गेलेच नव्हते. आई घरीच शिकवायची.